काट्याने न सांगितलेले दशांश

२२.६७९६१८५ किलो. काजूगराच्या एका खोक्याचं वजन म्हणून हा आकडा एका जुन्या डेटाबेसमध्ये बसला होता, आणि त्याच्या खाली तसेच आणखी कितीतरी. खोकं ज्या काट्यावर चढतं तो काटा मी पाहिलेला आहे. पन्नास किलोपर्यंतचा, इलेक्ट्रॉनिक, अंगावर वैधमापनवाल्यांचा शिक्का, आणि पाटीवर लिहिलेलं ‘ई = ५ ग्रॅम’. म्हणजे तो पाच-पाच ग्रॅमच्या पायऱ्यांनीच वर चढतो. त्याच्या काचेवर तिसऱ्या दशांशाला शून्य नाहीतर पाच, एवढंच दिसू शकतं. मग पॉइंटपुढचे हे सात अंक तोलले कोणी?

वखारीतल्या काकांना विचारलं. त्यांनी मोबाइलच्या पडद्याकडे नीट बघितलंही नाही. “काटो पाच ग्रॅमच्या खाली बोलूचो नाय. ह्यो आकडो कोणीतरी कागदार केल्यान हा.”

वेंगुर्ले-कुडाळ भागातल्या एका शेतकरी कंपनीचा जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम माझ्याकडे आहे. सभासदांच्या बागा, काजू बीची खरेदी, फोडल्यावरचा उतारा, बाहेर जाणारी खोकी, सगळं त्यात. थोडं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बरंचसं एक्सेलच्या फायलींत. मला मिळालेली सूचना एका ओळीची होती: जिथे जिथे दोनपेक्षा जास्त दशांश आलेत ते आकडे शोध आणि गोल करून टाक. पहिलं अर्धं वाक्य मी लगेच पाळलं. दुसऱ्याला अजून हात घातलेला नाही, आणि सगळीकडे घालेन असंही वाटत नाही.

काकांचं म्हणणं तासाभरात पटलं. काजूगराचा व्यापार अजून पौंडांत चालतो. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर. डब्ल्यू १८० म्हणजे तेच मोठे, पौंडात एकशेऐंशीच्या आत मावणारे. उतारासुद्धा निर्यातवाले ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघाला असाच सांगतात. ‘अठ्ठेचाळीसचा माल’ म्हणजे ऐंशी किलो बीतून अठ्ठेचाळीस पौंड, आपल्या हिशेबात सव्वासत्तावीस टक्क्यांच्या किंचित खाली. आणि १९५९ पासून पौंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलो असं ठरलेलं आहे, एक अंक इकडेतिकडे नाही. त्याला पन्नासने गुणा. २२.६७९६१८५ येतो.

म्हणजे आकडा चुकीचा नव्हताच, फक्त तो वजनाचा नव्हता. त्या काळात खोकी तोलून नोंदवत नसत. खोकी मोजायचे, प्रत्येक पन्नास पौंडांचं धरायचे, आणि एक्सेलमध्ये गुणाकार ओढून खालपर्यंत न्यायचे. ही गोष्ट कुठल्याही वहीत लिहिलेली नाही. ती फक्त त्या सात दशांशांत आहे. मी सांगितल्याप्रमाणे गोल करून २२.६८ केलं असतं तर तो आकडा २२.६८० म्हणून काट्यावरच्या खऱ्या वजनांमध्ये बेमालूम मिसळून गेला असता. शेवटी शून्य, पाच ग्रॅमच्या पायरीवर अगदी बरोबर. उद्या कोणी वजनातली घट काढायला बसलं की या खोक्यांत घट शून्य दिसणार, आणि मालक खूश.

म्हणून शोधणं आणि गोल करणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानते. मधे ‘हा आला कुठून’ हा प्रश्न यायला हवा.

शोधण्याची पहिली युक्ती सगळ्यांना सुचते तीच. आकडा दोन दशांशांपर्यंत राउंड करायचा आणि मूळ आकड्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर ती ओळ बाहेर काढायची. कोष्टकाचा रकाना ‘डेसिमल’ किंवा ‘न्यूमेरिक’ प्रकारचा, म्हणजे दशांश जसेच्या तसे ठेवणारा असेल तर हे निर्धास्त चालतं. दुसरी युक्ती आकड्याला मजकूर समजण्याची. आकडा अक्षरांत बदलायचा आणि टिंबानंतर किमान तीन अक्षरं असलेल्या ओळी ‘लाइक’ ही मजकूर शोधायची आज्ञा लावून मागायच्या, तीन अंडरस्कोर आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. ही चाळणी दिसायला गावठी आहे, पण काही वेळा तीच कामाला येते. मात्र तिच्यात भलतंच अडकतं. रकाना चार दशांशांचा असेल तर साधे साडेबारा तिथे १२.५००० असे उभे असतात आणि गुन्हा नसताना पकडले जातात. उलट एखादा फारच लहान आकडा घातांकाच्या रूपात छापला गेला, १ई-०५ असा, तर त्यात टिंबच नसतं आणि तो सुटतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘स्केल’ नावाचं फंक्शन दशांशांची संख्या सांगतं, आणि २०२० मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ‘मिन-स्केल’ आहे, जे शेवटची फुकटची शून्यं सोडून खरी गरज किती घरांची ते सांगतं. साडेबाराला ते एकच घर म्हणतं. माझ्या मते हे सगळ्यांत प्रामाणिक.

पण खरेदीच्या कोष्टकात राउंडच्या आणि ‘स्केल’च्या युक्तीने मला काहीच दाखवलं नाही. आणि आकडे तर डोळ्यांना दिसत होते: १२.३५००००००००००००१ किलो काजू बी.

कारण तो रकाना ‘डबल प्रिसिजन’चा, म्हणजे आकडे फक्त ० आणि १ च्या बायनरी पद्धतीत ठेवणारा होता. पोस्टग्रेसमध्ये किती घरं हवीत ते सांगून राउंड करायचं तर आधी आकडा न्यूमेरिकमध्ये बदलावा लागतो, आणि तो बदल होताना पंधराच सार्थ अंक उरतात. तेवढ्यात ती शेपटी गळून पडते. चोर पकडायला दार उघडावं आणि दार उघडण्याच्या आवाजानेच तो पळावा तसं. माझी शोधाची आज्ञा, म्हणजे क्वेरी, म्हणते सगळं आलबेल आहे, तिकडे एक्सेलला पाठवलेल्या फाइलमध्ये शेपटी शाबूत. इथे गावठी चाळणीच उपयोगी पडली, कारण बाराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस असा आकडा मजकुरात बदलताना तो पुन्हा जसाच्या तसा वाचता येईल इतके अंक छापतं.

या शेपट्या मात्र कोणी कागदावर केलेल्या नाहीत. १/३ दशांशात लिहायला घेतलं की ०.३३३३ असं चालूच राहतं. शाळेत आपण त्याला अखंड आवर्ती म्हणायचो. छेदाला दोन आणि पाच एवढेच मूळ अवयव असतील तर अपूर्णांक खंडित होतो, कारण दहा म्हणजे बे पंचे दहा. संगणकाकडे पाच नाहीत. त्याच्याकडे फक्त दोन. त्यामुळे ०.१ हा आपल्याला इतका सरळ वाटणारा आकडा बायनरीत ०.०००११००११००११ असा न संपता धावत राहतो. संगणकात आकडे कसे साठवायचे ते ठरवणाऱ्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार डबलला एकूण ६४ बिट मिळतात, त्यातले ५२ अपूर्णांकाला. तिथे धावणं थांबवावंच लागतं. म्हणून ०.१ या नावाखाली आत ०.१००००००००००००००००५५५ आणि पुढे बरंच काही असतं, आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ बाहेर येतं. या मानकामागचे मुख्य गणिती विल्यम कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. लोक या शेपट्यांना बिघाड म्हणतात. तो बिघाड नाही, जगभरच्या यंत्रांनी एकाच ठरलेल्या जागी थांबायचं कबूल केलं त्याची ती खूण आहे.

हे सगळं आठवताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ एकटीच हसत बसले. सोळा आण्यांचा रुपया संगणकात नेमका मावतो! एक आणा म्हणजे १/१६, दशांशात ०.०६२५, बायनरीत सरळ ०.०००१. पुढे काही नाही. जुना पैसा म्हणजे १/६४, तोही चपखल. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेली ही सगळी पाढ्यांची पलटण अर्ध्याच्या अर्ध्यावर उभी, म्हणजे बायनरीच. एक पै तेवढी अडली असती, कारण रुपयाच्या पया १९२, आणि त्यात एक तीन लपलेला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि छेदात पाच घुसले. आता शंभरांतले पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे तेवढे डबलमध्ये नेमके बसतात, बाकी सगळ्यांना शेपूट. आणि त्यातलं पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं.

त्या बदलातही गोल करण्याचा खेळ झालाच होता. दोन आण्यांचे खरे साडेबारा नवे पैसे व्हायचे. तक्त्यात बारा धरले. चार आण्यांचे मात्र पुरे पंचवीस. म्हणजे दोन-दोन आणे दोनदा बदलून घेणारा एका पैशाने मागे राहायचा. कुठल्या टप्प्यावर गोल करायचं हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे.

खरेदीच्या रकमांबद्दल फार लिहीत नाही. तीन दशांशांचं वजन आणि दोन दशांशांचा दर यांचा गुणाकार पाच दशांशांपर्यंत जाऊ शकतो, १२.३४५ किलो, १३२.५० चा दर, झाले १६३५.७१२५ रुपये. यात काही रहस्य नाही. शेतकऱ्याला पावतीवर जी रक्कम मिळाली तीच नोंदवायची, गुणाकाराला जे वाटतं ते नाही. पावत्यांची बेरीज आणि बेरजेची पावती जुळणार नाही, तिथे राउंड ऑफचं खातं. एवढंच.

गोल करणं आणि तोडणं यांतला फरक मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पंचवीस पौंडांचा डबा म्हणजे ११.३३९८०९२५ किलो. डब्यावर छापतात ११.३४. हजार डब्यांमागे या छापील आकड्याने १९१ ग्रॅम जादा दाखवले जातात. एवढे गर तर पॅकिंग चालू असताना मुलंच खाऊन टाकतील. पण कोणी गोल करण्याऐवजी दोन घरांनंतर नुसतं तोडलं, ११.३३ ठेवलं, तर हजार डब्यांत पावणेदहा किलोंहून जास्त गर कागदावरून नाहीसा होतो. गोल करताना चुका वर-खाली होऊन एकमेकींना बऱ्याच अंशी सांभाळतात, तोडताना सगळ्या एकाच बाजूला साचतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये १००० वर एक निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जायचा आणि दर वेळी तीन दशांशांपुढचं तोडलं जायचं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक घसरून ५२४.८११ वर आला होता. नीट हिशेब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. बाजार वर गेला होता आणि पडदा जवळपास दोन वर्षं पडझड दाखवत होता, तेही तिसऱ्या दशांशाच्या मागे काय आहे त्याची पर्वा न केल्यामुळे.

रकान्याचा प्रकार बदलून प्रश्न मिटतो असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पोस्टग्रेसमध्ये रकाना दोन दशांशांचा केला तर ते जास्तीचे दशांश नाकारत नाही, गुपचूप गोल करून घेतं. जुना डेटा असेल तर तो सगळा एका आज्ञेत. तक्रार नाही, इशारा नाही. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा उलटी: तिथे रकान्यावर दोन दशांश असं हौसेने लिहून ठेवलं तरी ते पाळलं जात नाही, जे याल ते या. म्हणून मी खरेदीच्या वजनावर एक अट घातली, की आकडा तीन घरांना गोल केलेल्या स्वतःशी जुळत नसेल तर नोंदच घेऊ नकोस. चुकीचा आकडा दारातच अडला की विचारायला माणूस समोर असतो. वर्षांनी विचारायला गेलं तर तो माणूस मुंबईला गेलेला असतो.

आता बागांच्या जागा. सभासद नोंदणी करणाऱ्या मुलांनी मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घेतले आणि ॲपने ते चौदा-पंधरा दशांशांसकट भरले. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. पाचव्या दशांशाला मीटरभर अंतर उरतं, सातव्याला सेंटीमीटरभर, आणि चौदाव्याला मीटरचा एक अब्जांश. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचएक मीटरपर्यंत बरोबर असतो, काजूच्या दाट पानोळ्याखाली त्याहून वाईट. तेव्हा हे दशांश निव्वळ फुशारकी आहेत, आणि सहा घरांपुढचं सगळं मी बिनदिक्कत उडवलं. त्यांच्यामागे कोणी माणूस नव्हता.

पण सूचनेप्रमाणे इथेही दोनच दशांश ठेवले असते तर? आमच्या अक्षांशावर रेखांशाचा ०.००५ म्हणजे पाचशे मीटरपेक्षा जास्त. गोल करताना जागा तेवढी सरकू शकते. शिरोड्यापासून निवतीपर्यंत किनाऱ्यालगत ज्यांच्या बागा आहेत त्यांतल्या काही या हिशेबाने थेट समुद्रात गेल्या असत्या, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या काजूच्या जातींच्या कलमांसकट. याच कोष्टकात काही ओळींत १५.८६ आणि ७३.६३ एवढंच होतं, आणि एकाच जागेवर कितीतरी बागा. तिथे मुलगा बागेत गेलाच नव्हता. वेंगुर्ल्यात बसून गावाचा आकडा टाकला होता. जास्तीचे दशांश शोधायला निघालं की कमी दशांशही असे हाताला लागतात, आणि सहसा तेच जास्त लाजिरवाणे असतात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो क्षेत्र आणि हिश्श्यांच्या रकान्यात. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं दोन टिंबांनी लिहितात. ०.४०.५० चं दुसरं टिंब काढलं तर ०.४०५० हेक्टर मिळतं, बरोबर आहे. पण कोणी घाईत ०.४.५ लिहिलं असेल आणि दुसरं टिंब काढलं, तर ०.०४०५ च्या जागी ०.४५ होतं आणि चार आरांची वाडी एकदम पंचेचाळीस आरांची. ही चूक जास्तीचे दशांश शोधणाऱ्या क्वेरीला दिसत नाही. ती फक्त बागेचा मालक बघून हसला तेव्हाच कळली.

हिस्से मात्र त्या क्वेरीने भरभरून दिले. कोकणात सामाईक जमीन नाही असं घर शोधावं लागेल. सात वारस, प्रत्येकाचा १/७, आणि रकान्यात ०.१४२८५७१४२८५७१४३. सूचनेप्रमाणे ०.१४ करा, सातांची बेरीज ०.९८. हेक्टरभर जमीन असेल तर दोन आर कोणाच्याच नावावर नाहीत, म्हणजे जवळपास दोन गुंठे. दोन गुंठ्यांसाठी इकडे दोन पिढ्या कोर्टात जातात, आणि मी ते एका क्वेरीत बेवारस करणार होते. याला दशांशात उत्तरच नाही. मी दोन रकाने केले, अंश एकात, छेद एकात. एक आणि सात. शाळेत शिकवतात तसे.

त्याच यादीत ०.०६२५, ०.१८७५, ०.३१२५ असे आकडे आले. चार दशांश, म्हणून क्वेरीने पकडलेले. आधी वाटलं, हेही कुठल्यातरी गुणाकाराचे. मग ओळखू आले: एक आणा, तीन आणे, पाच आणे. कोणीतरी जुन्या वाटणीपत्रावरून हिस्से आण्यांत वाचून मशीनवर सोळाने भागले होते. यादीतल्या एक आण्यावाल्या मावशींना फोन केला. त्या पलीकडून ठणकावून म्हणाल्या, “होय गो, माझो एक आणो आसा. कमी नाय आणि जास्त नाय.” डेटाबेसचंही अगदी तेच म्हणणं होतं. त्यांचा आकडा साऱ्या कोष्टकांत बहुधा सगळ्यांत नेमका बसलेला, आणि दोन दशांश ठेवले असते तर त्यांच्या आण्यातला पंचविसावा भाग गेला असता.

दशांश पुरेसे कमी असूनही मी गोल, चौकोनी काहीच करू शकले नाही अशी एकच ओळ आता उरली आहे. हिस्सा ०.३३. तो तिसरा हिस्सा असेल तर मला १ आणि ३ लिहायचे आहेत. खरोखर तेहतीस टक्के ठरले असतील तर ३३ आणि १००. दोघा भावांना वेगवेगळा फोन केला. थोरला म्हणाला, तिघांत सारखी वाटणी, विचारायचं काय त्यात. धाकटा म्हणाला, दादाला चौतीस ठरले होते, कागद आहे माझ्याकडे. कागद आणतो म्हणालाय.